पुरावा कोणी द्यायचा?



'अल्पसंख्य समाजांचे हक्क : रक्षण आणि संवर्धन' हा विषय पत्रिकेत वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, की आज हिंदू-मुसलमान प्रश्नावर काहीतरी खमंग ऐकायला मिळणार. काहींना तर तेवढ्यासाठीच घरी थांबावंसं वाटलं असेल. जे आलात त्यांचे आभार. त्या प्रश्नावर मी बोलणार आहे, पण थोडंच. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची सगळी नोकरी केळापूर-घाटंजीकडच्या शाळांमध्ये गेली. तेव्हा उदाहरणं शोधायला मी दिल्लीला जाणार नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ती भरपूर आहेत.

मला तीन प्रश्न मांडायचे आहेत. हे हक्क नेमके कोणाचे? ते मागायला गेल्यावर पुरावा कोणी द्यायचा? आणि पोरांनी शाळेत कोणती भाषा ऐकायची? त्यातल्या दुसऱ्या प्रश्नावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

पहिला प्रश्न. ८ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुद्यातल्या कलम २३ वर चर्चा झाली. आजची कलमं २९ आणि ३० त्यातूनच आली. आधीच्या मजकुरात 'अल्पसंख्य' असा उल्लेख होता. त्या जागी 'स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेला नागरिकांचा कोणताही गट' असं आलं. हा बदल कशासाठी, हे बाबासाहेबांनी सभागृहाला समजावून सांगितलं, आणि त्यासाठी उदाहरण दिलं ते आपलंच. मद्रासकडचे लोक मुंबईत येऊन राहिले, किंवा महाराष्ट्रातले लोक बंगालात जाऊन राहिले, तर रूढ अर्थानं ते अल्पसंख्य ठरणार नाहीत. पण भाषेनं आणि संस्कृतीनं ते तिथं थोडेच असणार, आणि त्यांनाही संरक्षण हवं.

बघा, काय गंमत आहे! इथं गावात ज्याच्या शब्दाला वजन, ज्याची भाषा सरकारची, ज्याचे सण सरकारी सुट्टीचे, तो माणूस बडनेऱ्याला गाडीत बसला आणि हावड्याला उतरला की अल्पसंख्य झाला. त्याच्या रक्तात काही बदललं नाही. बदललं ते आजूबाजूचं माणूस. अल्पसंख्य असणं ही कोणाच्या कपाळावरची रेघ नव्हे. कुठं उभे आहात आणि समोर कोण आहे, यावर ते ठरतं.

आता हीच कसोटी यवतमाळला लावा. इथं वेगळी भाषा आणि वेगळी संस्कृती असलेला, संख्येनं थोडका असा गट कोणता? झरी-जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांतल्या पोडांवर, म्हणजे लहान वस्त्यांवर, राहणारा कोलाम. महाराष्ट्रात आदिम जमाती तीन : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. २०११ च्या जनगणनेत राज्यातले कोलाम सुमारे १ लाख ९४ हजार भरले. त्याच जनगणनेत कोलामी ही आपली मातृभाषा आहे असं सांगणारे अख्ख्या देशात, म्हणजे पैनगंगेपलीकडचे आदिलाबादचे धरूनही, सुमारे १ लाख २८ हजार निघाले. या दोन आकड्यांची वजाबाकी तुम्हीच करा. नाव कोलाम, पण भाषेच्या रकान्यात दुसरंच काही लिहिणारे हजारो लोक त्यात सापडतील.

आणि तरीही अल्पसंख्य म्हटलं की कोलाम आपल्याला आठवत नाही. आठवतो तो धर्म. तर आता धर्माबद्दलचं थोडं बोलतो.

राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचा कायदा १९९२ चा. त्याखाली मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन असे सहा समाज अधिसूचित आहेत. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं, की कलम ३० साठी अल्पसंख्य कोण हे राज्य धरून ठरवायचं. मुस्लिम समाजाच्या स्थितीवर केंद्रानं नेमलेल्या सच्चर समितीचा अहवाल २००६ ला आला. महाराष्ट्रानं २००८ ला महमूदुर रहमान समिती नेमली, तिचाही अहवाल आला. समित्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. आपल्या जिल्ह्यात आर्णीला बाबा कंबलपोश यांचा उरूस भरतो. सगळ्या जातिधर्मांची माणसं तिथं जातात, नवस बोलतात, पाळण्यात बसतात. जिल्ह्याच्या सलोख्याची गोष्ट निघाली की आपण हाच दाखला देतो. द्यावा. पण सलोखा वेगळा आणि हक्क वेगळा. उरुसात खांद्याला खांदा लावून फिरणारा माणूस दुसऱ्या दिवशी घर भाड्यानं मागायला आला आणि त्याचं आडनाव ऐकून 'आत्ताच दिलं बुवा' असं उत्तर मिळालं, तर सलोखा त्याच्या काय कामाचा? सलोखा ही शेजाऱ्याची मर्जी असते. मर्जी फिरली तरी जो हातात उरतो, त्याला हक्क म्हणायचं.

आता दुसरा प्रश्न. पुरावा कोणी द्यायचा?

इथं मी पारध्यांपासून सुरुवात करतो. फासेपारधी. पारध्यांचे बेडे गावापासून दूर असतात, हे तुम्हाला माहीत आहे. का दूर असतात, हा प्रश्न आपण विचारत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. तो पुढे वाढवत वाढवत १९२४ पर्यंत आणला. कायद्याचा मथितार्थ असा, की काही जमाती जन्मानंच गुन्हेगार. त्यांची नावनिशी, अंगठे सरकारदरबारी, पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. सोलापूरला तर तारेचं कुंपण घालून वसाहतच केली. कायद्याची साधी रीत काय असते? आरोप करील त्यानं तो सिद्ध करायचा. इथं ती उलटी केली. तू चोर नाहीस, हे तूच दाखव. रोज दाखव. अंगठा देऊन दाखव.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं या माणसांना त्या दिवसाची वाट बघावी लागली. म्हणून भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण लगोलग निरनिराळ्या राज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्याकडे १९५९ चा. जमातीचं नाव गेलं, नजर राहिली. ती इतकी राहिली, की परवापरवा, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांमधली जातीवर कामं वाटून देणारी आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणारी कलमं रद्द करावी लागली. हा खटला लढायला गेली एक पत्रकार, सुकन्या शांता. एवढं सगळं ७२ वर्षांनंतर! गावात चोरी झाली की पहिली गाडी बेड्यावर का जाते, याचं उत्तर या वर्षांमध्ये आहे.

बरं, पोट कशावर भरायचं? फासे लावून तितर, बटेर, ससा धरणं हे त्यांचं पिढीजात कसब. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तेही गुन्ह्यात गेलं. वन्यजीव वाचले पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. पण एका कलमानं एका जमातीचा सगळा धंदा बंद करताना दुसरं काही हातात द्यावं लागतं, हे कोणाला सुचलं नाही.

आता बेड्यावरचा एक मुलगा शिकला, असं समजू. शिकतात, बरं का. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले या पारधी समाजातल्याच शिक्षकानं पारध्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. शाळेचं नाव 'प्रश्नचिन्ह'. पुढं समृद्धी महामार्ग आला आणि त्या शाळेच्या काही भागावरून गेला. नाव ठेवणाऱ्याला भविष्य कळत होतं की काय, असं वाटावं. तर असा एक मुलगा बारावी झाला. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. त्याला दाखला हवा, आणि दाखल्याची पडताळणी हवी. कचेरीत त्याला काय विचारतात? ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा आण. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आण. महसुली नोंद आण. आमच्या वऱ्हाडात आणखी एक खास गोष्ट असते, कोतवाल बुकाची नक्कल. गावच्या कोतवालानं जन्म-मृत्यू ज्या वहीत नोंदले, ती वही. कोणाची पणजी कोणत्या साली गेली आणि तिची जात काय, हे त्यात सापडतं. सापडतं कोणाचं? ज्याचं गाव होतं त्याचं. ज्याचा जन्म एका रानात, नाव दुसऱ्या वाटेवर ठेवलं आणि मरण तिसऱ्याच शिवारात, त्याला कोणता कोतवाल लिहून ठेवणार?

आणि इथं कायद्याचं कलम बघा. जात प्रमाणपत्राचा महाराष्ट्राचा कायदा २००० चा. त्याच्या आठव्या कलमात स्वच्छ लिहिलंय, की पुराव्याचा भार अर्जदारावर. हे कलम कशासाठी आलं, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा लाटणारे कमी नव्हते. त्यांना अडवायला हे कलम आलं. हेतू चांगलाच. पण झालं काय? खोटा माणूस कागद तयार करण्यात पटाईत असतो. वकील लावतो, नक्कल काढतो, फेऱ्या मारतो. अडकतो तो खरा, कारण त्याच्याजवळ कागदच नाही. शंभर वर्षांपूर्वी सरकारनं ज्या जमातीची नावनिशी अंगठ्यासकट ठेवली होती, त्याच जमातीच्या नातवाला सरकार विचारतं, तू त्या जमातीचा कशावरून? टाळ्या वाजवू नका. हा विनोद नाही.

भटक्या-विमुक्तांसाठी गृहचौकशीची वाट आहे. अधिकाऱ्यानं वस्तीवर जायचं, बोली, रीतिरिवाज, नातीगोती बघायची आणि अहवाल द्यायचा. ही वाट मला पटते. कारण तिथं माणूस कचेरीत जात नाही, कचेरी माणसाकडं येते. पण किती कचेऱ्या उठून चालायला लागतात, ते तुम्ही-आम्ही जाणतोच. बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते या दोघांच्या अध्यक्षतेखाली केंद्रानं एकापाठोपाठ एक आयोग नेमले. दोघंही महाराष्ट्रातले. पहिल्याचा अहवाल २००८ चा, दुसऱ्याचा २०१८ चा. ज्यांची कोणत्याच यादीत नोंद नाही अशा जमाती किती आहेत, हे त्यांना शोधून काढावं लागलं. म्हणजे हक्क मागण्याआधीची पायरीच अजून चढून व्हायची आहे.

इथं बंजारा समाजाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पुसदकडचे श्रोते आलेले दिसतात, म्हणूनही. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव १९९१ ला झाले. तांड्यावरून आलेल्या थोडक्या लोकांच्या समाजानं राज्याला दोन मुख्यमंत्री दिले, ही यवतमाळची कमाई आहे. पण तोच बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जाती, पैनगंगा ओलांडून तेलंगणात गेला की अनुसूचित जमाती, आणि कर्नाटकात अनुसूचित जाती. भाषा तीच गोरमाटी, देव तेच, काचेचे तुकडे टाकलेले घागरेही तेच. नदीच्या कोणत्या काठावर तांडा पडला, त्यावर हक्क ठरला. त्यांच्या अनुसूचित जमातीच्या मागणीला आज आदिवासी संघटनांचा विरोध आहे, आणि त्या विरोधालाही कारणं आहेत. थोड्यांच्या ताटातून दुसऱ्या थोड्यांना वाढायचं म्हटलं की दोघंही उपाशी उठतात. त्याचा निकाल मी व्यासपीठावरून लावणार नाही. मला एवढंच दाखवायचंय, की यादी ही सरकारच्या कलमानं झालेली गोष्ट आहे, आणि तिचे काठ त्या नदीसारखेच सरकत आलेले आहेत.

आता रानाकडं वळू.

जुलै १९३० मध्ये वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला. यवतमाळच्या स्वातंत्र्यलढ्याचा हा मानाचा दिवस. शाळेत आपण तो शिकलो. मोडला कोणता कायदा? जंगलाचा. इंग्रजांनी रान राखीव केलं, गुरं चारणं, गवत कापणं, लाकूड आणणं यावर दंड बसवला, म्हणून मोडला. मग स्वराज्य आलं. तो १९२७ चा भारतीय वन अधिनियम कुठं गेला? कुठंच नाही. आजही तोच आहे. बापूजी गवत कापून तुरुंगात गेले ते देशभक्त झाले. तेच गवत कोलामानं कापलं तर वनगुन्हा, आणि त्याची कुऱ्हाड जप्त.

कोलामाचं रानाशी नातं दोन पदरी आहे. एक, थोडी शेती. दुसरं, बांबू. टोपली, सूप, तट्टे, कणगी विणण्यात त्याचा हात धरणारा नाही. पण वन अधिनियमानं बांबूला झाड ठरवलं होतं. झाड म्हणजे लाकूड, लाकूड म्हणजे परवाना. बांबू गवताच्या कुळातला आहे हे वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात असतं, पण कायद्याला पुस्तक वाचायची गरज पडत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबूला गौण वनोपज म्हटलं आणि त्यावर वनवासींचा हक्क मान्य केला. ही फार मोठी गोष्ट झाली. त्याचं पुढं काय करता येतं, ते आपल्या पूर्वेला गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं दाखवलं. देवाजी तोफांच्या त्या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबू विकणारी ग्रामसभा! वनखात्याला हे पचायला वेळ लागला.

पण मला वनहक्क कायद्यातली सगळ्यात थोर गोष्ट वाटते ती बांबू नाही. ती आहे नियम १३. हक्काचा पुरावा म्हणून काय काय चालेल, याची यादी त्यात आहे. सरकारी कागद चालतील. पण त्याबरोबर घर, झोपडी, बांध, विहीर, स्मशान, देवस्थान अशा जमिनीवरच्या खुणाही चालतील. आणि शेवटी येतो वडीलधाऱ्यांचा जबाब. दावा करणारा सोडून गावातल्या दुसऱ्या जाणत्या माणसानं सांगितलेलं, लिहून घेतलेलं. अमुक चिंचेखाली अमुकाची पाळ होती, अमुक साली देवीची साथ आली तेव्हा पोड इथून तिथं हललं, अमुक दगड म्हणजे आमच्या देवाचं ठाणं. हे सगळं पुरावा! देशाच्या कायद्यात बुढ्या माणसाच्या आठवणीला सातबाऱ्याच्या शेजारी बसवलंय. या कायद्याच्या प्रस्तावनेतच वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं कबूल केलंय. अन्याय आपण केला, मग कागद नसण्याचा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही, इतकं साधं गणित आहे ते. याला म्हणतात पुराव्याचं ओझं वाटून घेणं.

आणि अंमलबजावणीत काय होतं? दावा ग्रामसभेकडून उपविभागीय समितीकडं, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं जातो. वाटेत कोणीतरी म्हणतं, उपग्रहाच्या चित्रात इथं शेती दिसत नाही. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे, की उपग्रहचित्र पूरक म्हणून वापरता येईल, दुसऱ्या पुराव्याची जागा ते घेणार नाही. आणि समित्यांनी एखाद्या ठरावीक कागदाचा हट्ट धरायचा नाही. पण टेबलावर संगणक असला की माणसाचा जबाब खाली जातो. पावणेदोन एकरांवर ज्वारी-तूर पेरणाऱ्याचं शेत वरून रानासारखंच दिसणार, कारण त्यानं मोहाची झाडं तोडलेली नसतात. झाडं राखली, म्हणून दावा गेला. आणि १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला. देशभर ओरड झाली, केंद्र सरकार धावलं, आणि २८ तारखेला आदेशाला स्थगिती मिळाली. ते पंधरा दिवस ज्यांनी पोडावर काढले, त्यांना कलम-नियम सांगायला जाऊ नका.

आदिम जमातींसाठी या कायद्यात एक आणखी तरतूद आहे. वस्तिस्थानाचा सामूहिक हक्क. एकेका माणसाचं शेत नव्हे, तर जमातीचा सगळा वावर. देव, पाणवठे, बाजाराच्या वाटा, कंदमुळांच्या जागा. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यात बैगांना तो मिळाला. असा हक्क कागदावर आणायचा तर नकाशा कोण काढणार? जो तिथं राहतो तोच. हैमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात पैनगंगेपलीकडं आदिलाबादेत काम केलं. गोंडही आपल्या भागातल्या देवांच्या पूजेसाठी कोलामालाच बोलावतात, असं त्याला आढळलं. का? रानाचा देव कोणाला आधीपासून ओळखतो, हे गोंडाला ठाऊक होतं. गोंडांनी कोलामाकडं कागद मागितला नाही.

आता माझ्यावर येणारा प्रश्न मला दिसतोय. दुसऱ्या रांगेतल्या चेहऱ्यांवर तो आहेच. 'सर, तुमचं कोलाम-पारध्यांचं बरोबर आहे, पण आमचा शेतकरी मरतोय, त्याचं काय? तो बहुसंख्य आहे म्हणून त्याला हक्क नाहीत?'

रास्त प्रश्न आहे. यवतमाळ म्हटलं की देशाला कापूस आठवतो आणि कापसापाठोपाठ आत्महत्या. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाखाची मदत मिळते. त्याला 'पात्र' ठरावं लागतं. पात्र कसा? जमीन त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर असावी, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं असावं, परतफेडीचा तगादा असावा. बिनपरवाना सावकाराचं कर्ज असलं, जमीन ठोक्यानं केलेली असली, तर 'अपात्र'. मेलेल्या माणसालाही पुरावा मागणारी ही आपली व्यवस्था! आता सांगा, वनजमिनीवर पेरणारा कोलाम, ज्याचा दावा समितीत अडकलाय, त्यानं फवारणीचं औषध प्यायलं तर सरकारी कागदावर तो शेतकरी तरी आहे का? त्याची बायको कोणत्या सातबाऱ्याची नक्कल जोडणार? आणि कुणब्याच्या घरची विधवा, जिच्या सासऱ्याच्या नावावर शेत आहे, ती तरी? दोघी एकाच खिडकीसमोर उभ्या आहेत. थोड्यांसाठी पुराव्याचा भार हलका करायची आपल्याला सवय लागली, तर तिचा फायदा पुष्कळांना होतो. वनहक्क कायद्यानं जमिनीचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायला सांगितलंय. बहुसंख्यांच्या किती सातबाऱ्यांवर दोघांची नावं आहेत, ते घरी जाऊन बघा.

थोडं विषयांतर करतो. जानेवारी २०१९ मध्ये आपल्याच शहरात ९२ वं साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग येऊ नका म्हणून कळवलं. वेगळ्या मताच्या एका पाहुणीला आपण व्यासपीठ नाकारलं. मताचाही अल्पसंख्य असतो, आणि त्याच्याकडंही आपण आधी पुरावाच मागतो, तू आमची कशावरून? त्या संमेलनाचं उद्घाटन शेवटी या जिल्ह्यातल्या एका शेतकरी विधवेनं केलं. तिनं ते उत्तम केलं. तरीही पहिली गोष्ट झाकली जात नाही.

तिसरा प्रश्न भाषेचा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ३५० अ हे कलम आलं. भाषेनं अल्पसंख्य असलेल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्यानं करावी. बेळगावच्या मराठी मुलासाठी आपण हेच मागतो. मराठी शाळा, मराठी पाटी, मराठीत सरकारी कागद. त्यासाठी आपली माणसं तुरुंगात गेली. मागणी न्याय्य आहे. मग झरीच्या कोलामी मुलासाठी तीच मागणी करताना आपला आवाज कुठं जातो? पहिलीतलं पोर घरी द्राविडी कुळातली भाषा बोलतं. 'आई', 'पाणी', 'भाकर' या साध्या शब्दांपासून सगळं वेगळं. ते वर्गात गप्प बसतं, आणि आपण शेरा मारतो, मुलगा मंद आहे. बेळगावच्या पोराला कन्नड शाळेत बसवलं तर तेही गप्पच बसेल.

मरे एमेनो या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं वर्ध्याकडच्या कोलामांकडून ऐकून घेऊन कोलामीचं व्याकरण लिहिलं. १९५५ मध्ये ते पुस्तक छापून आलं. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाला ही भाषा व्याकरणाच्या लायकीची वाटली, त्याला सत्तर वर्षं झाली. आपल्या पाठ्यपुस्तकांना अजून वेळ मिळायचाय. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण खात्यानं ती अनधिकृत ठरवली. घटनेनं जे राज्याला करायला सांगितलं, ते गावानं केलं, आणि राज्यानं गावाला नोटीस दिली. मराठी नको, असं त्या पालकांचं म्हणणं नाही. मराठी लागतेच, बाजारात, दवाखान्यात, कोर्टात. पण ती घरच्या भाषेच्या पायरीवरून चढून यावी. कोलामी येणारा एक तरुण पहिली-दुसरीच्या वर्गात मदतनीस म्हणून बसवला, तरी अर्धं काम होतं. त्याला डी.एड.ची अट घालू नका. त्याची पात्रता त्याच्या जिभेवर आहे.

१५ नोव्हेंबर २०२३ ला आदिम जमातींसाठी पंतप्रधान जनमन योजना सुरू झाली. २४ हजार कोटींची. घरं, रस्ते, पाणी, वीज. चांगलंच आहे, पोडावर रस्ता गेलाच पाहिजे. पण घर मिळेल ते कोणाच्या जागेवर? जागेचा हक्क आधी मिटला नाही, तर घरकुलाच्या फाइलीतही पहिला शेरा तोच येणार.

म्हणून शेवटी कामाचं सांगतो. या सभागृहात निवृत्त शिक्षक आहेत, तलाठी होते ते आहेत, वकील आहेत, महाविद्यालयातली मुलं आहेत. नियम १३ मधला वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. लागते एक वही, ज्याला कोलामी कळते असा एक जोडीदार, आणि ऐकून घ्यायची तयारी. ज्या माणसांना पन्नास-साठ वर्षांपूर्वीची पोडं आठवतात, ती आज पंचाहत्तरी-ऐंशीची आहेत. एकेक जण जातोय, आणि त्याच्याबरोबर एकेका शेताचा पुरावा जातोय. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी ग्रामसभा भरतात. त्याआधी जबाब लिहा, वाचून दाखवा, साक्षीदारांच्या सह्या-अंगठे घ्या, आणि ग्रामसभेत वनहक्क समितीच्या हाती देऊन पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका. फेटाळलेल्या दाव्यात कारण लेखी मागा, आणि मुदतीत अपील करा.

प्रश्नोत्तरांना वेळ ठेवा, अशी चिठ्ठी अध्यक्षांकडून आली आहे. दुसऱ्या रांगेपासून सुरुवात करू.